मेपलचा पाक : कून व्हॅलीतील एका हंगामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

घरामागच्या उतारावरील मेपलच्या झाडांचा रस काढून त्याचा पाक करायचा, हे या हिवाळ्याचे काम घरातल्या सर्वांनी मिळून ठरवले आहे. सुरुवात पाने झाडावर असतानाच करावी लागते, कारण पानगळ झाल्यावर नवख्या माणसाला मेपलची शुगर मेपल ही जात ओळखणे अवघड जाते. आज सकाळी ड्रिल, करवत, कुऱ्हाड आणि दोर यांची पूजा करून आम्ही लाल फिती घेऊन रानात गेलो आणि जी झाडे केशरी-पिवळी झाली होती, त्यांच्या खोडाला छातीच्या उंचीवर फिती बांधल्या. ज्या खोडाचा व्यास १२ इंचांहून कमी आहे, ते झाड यंदा सोडून द्यायचे असे ठरले. मोजमाप मुलाने घेतले आणि वहीत नोंद धाकटीने केली.

हे रान इथे टिकून आहे, त्याला एक कारण आहे. नैर्ऋत्य विस्कॉन्सिनचा हा डोंगराळ भाग हिमनद्यांच्या रेट्यातून वाचला, त्यामुळे उतार इतके तीव्र राहिले की शेतकऱ्यांनी त्यांवर गुरे सोडली आणि माती वाहून जाऊ लागली. १९३३ साली अमेरिकेतील पहिला पाणलोट संवर्धन प्रकल्प याच कून क्रीकच्या खोऱ्यात सुरू झाला आणि त्यात झाडीच्या उतारांना कुंपण घालून गुरे बाहेर ठेवण्याचे काम झाले. शेजारचे आजोबा, ज्यांचे पूर्वज नॉर्वेहून येथे आले, ते सांगतात की आमच्या उताराचे कुंपण त्यांच्या वडिलांनी त्याच काळात घातले. त्यांच्या घरी लहानपणी पाक होत असे आणि आमचे मार्गदर्शक तेच आहेत. त्यांच्याही आधी हो-चंक आणि ओजिब्वे हे इथले मूळ रहिवासी लोक या प्रदेशात मेपलची साखर करत आले आहेत आणि आजही करतात.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस सुरू आहेत, त्यामुळे रानात पाऊल टाकायचे नाही असा घरात नियम आहे, आणि अंगणातसुद्धा मुलांना भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय सोडत नाही. हा वेळ रस आटवण्याचा पॅन मिळवण्यात घालवला. कॅश्टनच्या बाजूला आमिश लोकांची (जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) मोठी वस्ती आहे आणि तिथल्या एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडे पॅन होतो असे कळले होते. आम्ही काल गेलो, तर फाटकावर पाटी होती की रविवारी विक्री नाही. परतताना मुलगा कुरकुरला, पण सासूबाईंनी त्याला सांगितले की आपल्याकडेही बैलाला बेंदराच्या दिवशी कोणी जुंपत नाही. आज पुन्हा जाऊन २ फूट रुंद, ३ फूट लांब आणि ८ इंच खोल असा स्टेनलेस स्टीलचा पॅन घेतला, ज्याला एका कोपऱ्यात तोटी आहे. किंमत २८० डॉलर पडली.

शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कोठारातील जस्ताच्या जुन्या बादल्याही देऊ केल्या होत्या. त्यांच्या सांध्यांना शिशाचा डाग दिलेला असू शकतो, म्हणून त्या वापरायच्या नाहीत असे त्यांच्याशीच बोलून ठरवले आणि गावातल्या बेकरीतून झाकणासह ५ गॅलनचे (सुमारे १९ लिटरचे) खाद्यपदार्थांचे डबे आणले. ते फुकट मिळाले, पण धुऊन त्यांचा वास घालवण्यात बराच वेळ गेला, आणि ज्यांत लोणच्याची काकडी होती त्यांचा वास अखेरपर्यंत गेलाच नाही. असे डबे घेऊ नयेत.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कोठाराच्या आडोशाला सिमेंटच्या ठोकळ्यांचे चुलाण रचले, वर पॅन ठेवला आणि रसाऐवजी पाणी भरून चाचणी घेतली. पाणी उकळायला दीड तास लागला, आणि उकळले तेही एका टोकालाच. धूर पुढच्या तोंडातून बाहेर येत होता, जाळ मागे खेचला जात नव्हता, आणि निखाऱ्यांची पातळी पॅनपासून इतकी खाली होती की निम्मी उष्णता ठोकळ्यांतच जिरत होती. तासाला दीड गॅलनसुद्धा पाणी उडाले नाही. या गतीने, झाडांना ज्या ४० नळ्या लावायच्या आहेत त्यांचा रस आटवणे शक्य नाही.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

चुलाणात तीन बदल केले. मागच्या टोकाला ६ इंच व्यासाचे आणि ८ फूट उंचीचे धुराड्याचे नळकांडे बसवले, मागच्या अर्ध्या भागात वाळू भरून तळ उताराने वर आणला, म्हणजे ज्वाला पॅनच्या तळाला घासत धुराड्याकडे जाते, आणि पुढे जुन्या कपाटाचा पत्रा दार म्हणून लावून खाली हवेसाठी फट ठेवली. आतल्या बाजूने अग्निविटा लावल्या, कारण नुसते सिमेंटचे ठोकळे आचेने तडकतात. तडकलेले दोन ठोकळे गेल्या शनिवारचेच होते.

चौथा बदल सासूबाईंनी सुचवला आणि तो सर्वांत उपयोगी पडला. त्यांचे माहेर शिरोळ तालुक्यात, घरचे गुऱ्हाळ होते आणि त्यांचे बालपण काहिलीच्या आसपास गेले. आम्ही मनगटाहून जाड ओंडके चुलाणात कोंबत होतो. त्या म्हणाल्या, "गुऱ्हाळात चिपाड सारखे घालत राहतात, एकदम भरून ठेवत नाहीत. जाळ एकसारखा पाहिजे." त्यानुसार लाकूड मनगटाइतके बारीक फोडले आणि दर सात-आठ मिनिटांनी थोडेथोडे, आडवे-उभे घातले. आज तासाला साधारण ५ गॅलन पाणी उडाले. पॅनच्या सहा चौरस फुटांना हा हिशोब बरोबर आहे असे शेजारच्या आजोबांचे मत पडले.

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार, महाशिवरात्र

रस वाहण्यासाठी रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा ४० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ४ सेल्सिअसच्या) वर जावा लागतो. गेल्या आठवड्यातील कडाक्याची थंडी ओसरल्याने आज नळ्या बसवल्या. घरातल्या मोठ्यांचा उपवास होता, म्हणून पहाटे बेलाऐवजी कुंडीतल्या तुळशीने पूजा न करता केवळ पाण्याचा अभिषेक करून, साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन आम्ही रानात गेलो. इथून सर्वांत सोयीचे मोठे मंदिर मिलवॉकीजवळ पिवॉकीला, तीन तासांच्या अंतरावर आहे, त्यामुळे सणवार बहुतेक घरीच होतात.

भोक ५/१६ इंचाच्या टोकाने, लाकडात दीड इंच खोल आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडायचे, म्हणजे रस आत साचत नाही. भुसा पांढरट निघाला तर लाकूड जिवंत आहे; तपकिरी निघाला तर ती जागा मेलेली असते आणि तिथून रस येत नाही. नळी हातोडीने हलकेच ठोकायची आणि आवाज भरीव झाला की थांबायचे. नवऱ्याने पहिल्या काही नळ्या जोर लावून ठोकल्या, तर दोन ठिकाणी साल उभी चिरली आणि रस नळीऐवजी चिरेतून खोडावर ओघळू लागला. त्यावर या हंगामात उपाय नाही.

१८ इंचांहून जाड झाडांना दोन आणि बाकींना एक याप्रमाणे एकूण ४० नळ्या लागल्या. दुपारी दोनच्या सुमारास दक्षिणेकडच्या झाडांतून थेंब पडू लागले. धाकटीने नळीखाली जीभ धरून पाहिले आणि हे तर पाणीच आहे अशी तक्रार केली. ती खरीच आहे, कारण या रसात साखर जेमतेम दोन टक्के असते.

२ मार्च २०२५, रविवार

पहिली उकळी. सुमारे ४५ गॅलन रस जमला होता आणि सकाळी सहाला पेटवलेले चुलाण रात्री नऊपर्यंत जळत होते. शेजारचे आजोबा चर्चमधून परस्पर इकडे आले आणि दिवसभर बसून राहिले.

फेस वर येऊ लागला की त्यात लोण्याचा वाटाण्याएवढा गोळा टाकायचा. सासूबाईंच्या गुऱ्हाळात याच कामासाठी तेल टाकत असत. वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहायची. रस पॅनमध्ये किमान दोन इंच खोल हवा, आणि नवा गार रस एकदम ओतला तर उकळी बसते, म्हणून चुलाणाच्या कडेला पातेल्यात तो आधी गरम करून मग घालायचा.

संध्याकाळी उरलेला दाट रस पॅनमध्येच पाकापर्यंत नेण्याचा प्रयत्न फसला. लाकडाची आच हवी तेव्हा कमी होत नाही, पातळी एका इंचाच्या खाली आली आणि दोन मिनिटांत एक कोपरा करपला. पाक काळा आणि कडवट झाला, तो टाकून द्यावा लागला. जळलेला थर घालवण्यासाठी पॅनमध्ये पाणी व व्हिनेगर भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी उकळून घासले. यापुढे रस काकवीहून थोडा पातळ असतानाच तोटीतून काढून घ्यायचा आणि शेवटचा टप्पा गॅसच्या शेगडीवर, कोठारात, लहान पातेल्यात करायचा. घरात मात्र उकळू नये. ४५ गॅलनमधले ४४ गॅलन वाफ होऊन भिंतींवर बसते.

५ मार्च २०२५, बुधवार

रात्रीपासून पाऊस, मग बर्फ आणि जोराचा वारा. काही डब्यांची झाकणे उडाली आणि पावसाचे पाणी रसात गेले. ते डबे ओतून टाकले, कारण पाण्याने पातळ झालेला रस आटवण्यात फक्त लाकूड खर्ची पडते. झाकणांना आता सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे लावले आहेत.

आज ख्रिस्ती लोकांचा अ‍ॅश वेन्सडे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रताचा आरंभ. या काळात शेजारच्या ल्युथरन चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेआधी सूप आणि पाव असे साधे जेवण असते आणि आजोबांनी आम्हाला बोलावले होते. आम्ही आले-जिरे घालून केलेले लाल भोपळ्याचे सूप नेले आणि ते मांस न खाणाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. कपाळावर राखेचा क्रूस लावलेली माणसे पाहून धाकटीने आजीला विचारले की हे भस्म आहे का, आणि आजीने होय म्हणून सांगितले. तिथेच कळले की आजोबांनी व्रत म्हणून ईस्टरपर्यंत गोड सोडले आहे. म्हणजे आमचे एकमेव जाणकार या हंगामात पाक चाखणार नाहीत. ते डावातून पडणाऱ्या धारेकडे पाहून सांगतात: थेंब वेगवेगळे न पडता कडेला एकत्र येऊन पडद्यासारखे तुटले, की पाक झाला.

१० मार्च २०२५, सोमवार, एकादशी

मोठे नुकसान झाले. गेले काही दिवस रस इतका वाहिला की आटवण्याची आमची ताकद संपली. ४० नळ्या चांगल्या दिवशी ४० ते ५० गॅलन देतात आणि आमचा पॅन तासाला ५ गॅलन उडवतो, म्हणजे एका दिवसाच्या रसाला आठ ते दहा तास लागतात, आणि आम्ही दोघे नोकरी करतो, मुले शाळेत असतात. साठवलेल्या डब्यांवर ऊन पडले, आजूबाजूचा बर्फ वितळला आणि ३० गॅलनच्या आसपास रस दुधाळ होऊन त्याला आंबूस वास आला. रस दुधासारखा जपावा लागतो. ३८ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ३ सेल्सिअसच्या) खाली ठेवला तरच आठवडाभर टिकतो.

जे कोणी हे काम नव्याने हाती घेतील, त्यांनी नळ्यांची संख्या झाडे किती आहेत यावरून ठरवू नये. पॅन तासाला किती गॅलन उडवतो आणि घरातल्या माणसांना दिवसाचे किती तास देता येतात, यांचा गुणाकार करावा आणि नळीमागे दिवसाला गॅलनभर रस धरून तेवढ्याच नळ्या लावाव्यात. आज आम्ही १५ डबे काढून घेतले आणि त्या नळ्यांतून रस जमिनीवर जाऊ दिला. मन होत नव्हते, पण तेच योग्य होते. उरलेले डबे कोठाराच्या उत्तरेला, सावलीत, बर्फाच्या ढिगात पुरले.

सासूबाईंचा आज उपवास. झाडाचा रस फळासारखाच, असे ठरवून त्यांनी वऱ्याच्या तांदळावर दोन चमचे पाक घेतला.

१३ आणि १४ मार्च २०२५, होळी आणि ग्रहण

उद्या पारा फार वर जाणार असा अंदाज होता आणि बर्फाच्या ढिगात ५० गॅलन रस होता, त्यामुळे तो रात्रीतून आटवणे भाग होते. याच रात्री होळी आणि खग्रास चंद्रग्रहणही होते. शिरोळहून सासूबाईंच्या बहिणीचा फोन आला की भारतात त्या वेळी दिवस आहे, ग्रहण दिसणार नाही, पाळण्याचे कारण नाही. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि सांगितले की ग्रहण जिथे दिसते तिथे पाळायचे आणि आपल्या डोक्यावर ते दिसणार आहे. मग पुरणपोळीचा नैवेद्य वेध लागण्याआधी दुपारीच झाला, त्यांनी पुढे काही खाल्ले नाही, आणि कच्च्या रसाच्या प्रत्येक डब्यात तुळशीचे पान टाकून झाकण लावले. उकळता पॅन तसाच चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती, कारण पेटलेले चुलाण मध्येच विझवले तर काहीलभर रस वाया जातो हे त्यांना कोणाहून अधिक ठाऊक आहे.

संध्याकाळी अंगणात बर्फ बाजूला सारून लहानशी होळी पेटवली, नारळ अर्पण केला आणि मुलांनी मोकळ्या गळ्याने बोंब मारली. दरीच्या पलीकडच्या कड्यावरून कोल्ह्यासारख्या कायोटींनी उत्तर दिले, तेव्हा दोघेही आधी घाबरून आजीला बिलगली आणि नंतर पुन:पुन्हा ओरडून त्यांना बोलते करत राहिली. मुलांना गाडीत पांघरुणात झोपवले आणि आम्ही पाळ्या लावल्या: एकाने कायम पॅनपाशी, पाठ चंद्राकडे करून उभे राहायचे, दुसऱ्याने लाकूड आणायचे, आणि अर्ध्या तासाने जागा बदलायची. मध्यरात्रीनंतर चंद्र कडेने खाल्ला जाऊ लागला आणि १ वाजून २६ मिनिटांनी पूर्ण तांबडा झाला. मुलांना उठवले. शेजारचे आजोबाही कंदील घेऊन रान ओलांडून आले.

खग्रास काळात एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. चांदण्यावर विसंबून आम्ही दिवे कमी ठेवले होते आणि आता पॅनमधली पातळी दिसेना. डोक्याला लावलेल्या दिव्याचा प्रकाश वाफेवरून परत डोळ्यांत येतो, त्यामुळे काहीच कळत नाही. आजोबांनी त्यांचा कंदील पॅनच्या कडेला, वाफेच्या खाली, बाजूने टांगला आणि पातळी लख्ख दिसू लागली. अडीच वाजता चंद्राची कड उजळली. पहाटे पाचला चुलाण विझले, तेव्हा सव्वा गॅलन पाकाचा ऐवज हाती होता. सासूबाईंनी अंघोळ करून मगच चहा घेतला.

१६ मार्च २०२५, रविवार

गाळण्याने फार वेळ खाल्ला. पाक तयार होताना त्यात खनिजांचा बारीक गाळ उतरतो, ज्याला इथे शुगर सँड म्हणतात. तो तब्येतीला अपायकारक नाही, पण त्याने पाक गढूळ दिसतो आणि गाळ तळाशी बसतो. जाड नमद्याच्या शंकूतून पाक खाली उतरेचना. कारणे दोन होती: शंकू कोरडा होता आणि पाक गार झाला होता. शंकू उकळत्या पाण्यात बुडवून न पिळता निथळून घ्यायचा, त्याच्या आत पातळ कापडाच्या दोन-तीन गाळण्या एकात एक ठेवायच्या आणि वरची भरली की ती उचलून टाकायची. पाक उकळता असतानाच ओतायचा. बाटल्या भरताना तो १८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ८२ सेल्सिअसच्या) वर असला पाहिजे, आणि झाकण लावून बाटली क्षणभर आडवी करायची, म्हणजे झाकणही निर्जंतुक होते.

पाक झाला हे ओळखण्यासाठी पाण्याच्या उकळबिंदूहून ७ अंश फॅरनहाइट वर जायचे. मात्र पाणी सर्वत्र २१२ अंशांवर उकळत नाही. आमचे घर १२०० फुटांहून अधिक उंचीवर आहे, इथे ते सुमारे २१० अंशांवर उकळते, शिवाय हवेच्या दाबाने रोज थोडे बदलते. त्यामुळे दर वेळी आधी साधे पाणी उकळून तापमापक तपासायचा.

२३ मार्च २०२५, रविवार

रसाची घसरगाडी उतारावर निसटली, दोन डबे सांडले आणि मुलगा झाडाच्या बुंध्यापाशी थांबला. गुडघा सोलवटला, बाकी ठीक. आता वाहतूक सकाळी, बर्फाचे कवच गोठलेले असताना करायची आणि मागून दोर धरायचा. ओढ्याकाठी सँडहिल क्रौंच परतले आहेत.

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा

पाडव्याच्या साखरेच्या गाठी यंदा मेपलच्या साखरेच्या करायच्या असा मुलांचा हट्ट होता. पाक २३५ अंश फॅरनहाइटपर्यंत (सुमारे ११३ सेल्सिअस) नेऊन गार करायचा आणि मग घोटायचा, पांढुरका झाला की साच्यात ओतायचा. पहिला घाणा गरम असतानाच घोटला, त्यामुळे कण जाड पडले आणि दोरा ओढताच गाठी तुटल्या. दुसरा घाणा न हलवता १७५ अंशांपर्यंत निवू दिला. तो तुळतुळीत झाला. साचा म्हणून बिस्किटांचे धातूचे कडे वापरले आणि ओतण्याआधी मधून सुती दोरा घातला. कडुनिंब इथे नाही, गुढीला बागेतल्या पुसी विलोची फुटलेली डहाळी बांधली. गुढी ओसरीच्या खांबाला, दक्षिणेच्या वाऱ्यात, मजबूत दोरीने.

६ एप्रिल २०२५, रविवार, रामनवमी

डबक्यांत बेडूक ओरडू लागले, कळ्या फुगल्या, आणि काल आटवलेल्या पाकाला कोबीसारखा उग्र वास आला. कळ्या फुगल्यावर हे होतेच आणि उकळून जात नाही. आज सर्व नळ्या काढल्या. भोके बुजवायची नसतात. झाड ती स्वतः भरून काढते.

हिशोब: आटवलेला रस सुमारे २९० गॅलन, पाक ७ गॅलनपेक्षा थोडा जास्त. खर्च: पॅन २८०, ठोकळे, अग्निविटा आणि धुराडे १६०, नळ्या ११०, नमदा, गाळण्या आणि तापमापक ७०, बाटल्या ६५, गॅस ४०, असे ७२५ डॉलर. लाकूड आमच्याच रानातले पडलेले होते. इथे शेतावर पाकाचा गॅलन साधारण ५० ते ६० डॉलरला मिळतो, तेव्हा केवळ पैशांसाठी पहिल्या वर्षी हे कोणी करू नये.

२१ एप्रिल २०२५, सोमवार

काल ईस्टरच्या जेवणाला आजोबांकडे गेलो आणि त्यांनी ग्रहणाच्या रात्रीची बाटली फोडली. पॅनकेकवर घेऊन चाखल्यावर त्यांनी चव चांगली असल्याचे सांगितले, आणि मग बाटली उजेडात धरून तळाशी जमलेले खडे दाखवले. पाक गरजेपेक्षा दाट झाला होता. ६७ ब्रिक्सच्या (म्हणजे शेकडा ६७ साखरेच्या) वर गेला की साखर खड्यांच्या रूपाने वेगळी होते, आणि नुसत्या तापमापकावर तो फरक पकडता येत नाही. आजच पाकाची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणि त्याचे उभे भांडे मिळून ४० डॉलरना मागवले. त्या घाण्याच्या उरलेल्या बाटल्या शनिवारी फोडून, खडे विरघळेपर्यंत गरम करून, थोडे उकळते पाणी मिसळून, हायड्रोमीटरच्या लाल रेघेवर आणून पुन्हा भरायच्या आहेत.